मिस ऑड्रीची ओटी

नील, मागच्या रविवारी तू फोनवर मला विचारलंस, "आजी, पुट म्हणजे ठेवणं, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत. मग पुट अप विथ म्हणजे सहन करणं कसं काय?" तुझ्या वर्गात कुणी नवा मुलगा आला आहे, त्याला अजून इंग्रजी नीट जमत नाही. त्याने तुला हे विचारलं आणि जन्मापासून तीच भाषा बोलणाऱ्या तुला सांगता येईना. मीरा मागून ओरडली, "इट जस्ट इज, आजी!" मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा मला उत्तर यायलाच हवं. येतंही. पण ते मी कुठल्या पुस्तकातून शिकले नाही. ते जिथे शिकले त्या घरातली माणसं आणि तिथली एक दुपार सांगितल्याशिवाय ते तुला सांगणं मला जमणार नाही, म्हणून "लिहून पाठवते" म्हटलं. तुमची आई वाचून दाखवील. मध्ये कंटाळलात तर उठून खाऊ खाऊन या, पण शेवटपर्यंत ऐका.

आमचं घर धुळ्याला, पाचव्या गल्लीत. एकामागे एक तीन खोल्या आणि मागे परस. पुढच्या खोलीत नाना, म्हणजे माझे वडील. नाना हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि सकाळ-संध्याकाळ घरी शिकवणी घेत. मधल्या खोलीत मी आणि माझी पुस्तकं. मागे स्वयंपाकघर, तिथे आई. मी एकुलती एक, त्यामुळे माझे दोन्ही कान दोन खोल्यांत वाटलेले असायचे. एका कानात पुढच्या खोलीतली पोरं एका सुरात म्हणत, "टु एक्स्टिंग्विश म्हणजे विझवणे, टु पोस्टपोन म्हणजे लांबणीवर टाकणे, टु टॉलरेट म्हणजे सहन करणे." दुसऱ्या कानात पाट्यावर मिरच्या वाटल्याचा आवाज, भाकरी थापल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर आईचा आवाज. आई धरणगावकडच्या एका खेड्यातली. तिचं माहेर कपाशीच्या शेतात, आणि आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला जेवायला बोलावण्याइतका. पाचव्या गल्लीत तो मावत नसे. ती अहिराणी बोलायची, आमची खानदेशातली बोली, 'आहे'ला 'शे' म्हणणारी, 'माझी'ला 'मनी' म्हणणारी, 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणणारी.

नानांचा नियम होता की उंबऱ्याच्या आत एकतर शुद्ध मराठी, नाहीतर इंग्रजी. मी आईला 'माय' म्हणायचं नाही, 'आई' म्हणायचं. नाना दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. ते स्वतः चोपड्याकडच्या एका खेड्यातून आले होते. त्यांची आईही अहिराणीच बोलायची. शिकायला शहरात आले तेव्हा वर्गात पहिल्याच दिवशी ते उभे राहून "मी हजर शे" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर पोरं त्यांना 'हजरशे' याच नावाने हाक मारत. नानांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही पाठ वळवून, धोतर वाळत घालता घालता. त्या हसण्याला त्यांनी सबंध आयुष्य घाबरून काढलं आणि ती भीती घरात आणून तिचा नियम केला.

स्वयंपाकघरात मात्र नियम सैल होता. आई बोलायची, आणि पुढच्या खोलीतून नाना नुसतं खाकरायचे.

"कुसुम, ताट मांड व माय, वरन व्हई गयं शे."

"अंहं!" पुढून आवाज येई.

"आहे हो, आहे! वरण झालेलं आहे!" आई मोठ्याने म्हणे आणि मग माझ्याकडे वळून डोळे मिचकावी. "शे म्हना का आहे म्हना, मीठ तितलंच पडस."

मला हसू आवरायचं नाही. पुढच्या खोलीतली पोरंसुद्धा हसायची. नानाही कधी कधी हसत असावेत, कारण दुसऱ्यांदा खाकरायला त्यांना थोडा वेळ लागायचा. ते खाकरणं आणि तिचं ते उत्तर हा आमच्या घराचा संसार होता. त्या काळात मला वाटायचं की तो कायम तसाच चालेल.

मी मॅट्रिकला इंग्रजीत चांगली निघाले तेव्हा नानांच्या मनात आलं की हिने इंग्रजीची प्राध्यापक व्हावं. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि ती कबूल करण्याइतके ते प्रामाणिक होते. त्यांनी इंग्रजी वाचली होती, लिहिली होती, बोललेली फारशी ऐकली नव्हती. चाळीसगावला रेल्वेच्या वसाहतीत मिस ऑड्री म्हणून एक अँग्लो-इंडियन बाई राहत. त्यांचे वडील इंजिन ड्रायव्हर होते, त्या स्वतः रेल्वेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. नाना कुणाची तरी ओळख काढून त्यांना भेटले आणि दर रविवारी मी धुळ्याहून शटल गाडीने चाळीसगावला जायचं ठरलं. सोबत आई डबा देई. त्यातला निम्मा ठेचा मिससाठी असे.

पहिल्या रविवारी मी दारात उभी राहून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मॅडम, मे आय एंटर?" फ्रॉकवर ॲप्रन बांधलेल्या, आखूड पांढऱ्या केसांच्या त्या बाई हसल्या आणि एका दमात म्हणाल्या की कम इन, सिट डाउन, टेक ऑफ युअर चपल्स, हँग अप युअर अंब्रेला, दूध संपलंय, द मिल्क हॅज रन आउट, आणि मांजर दोन दिवसांनी आत्ताच कुठे टर्न अप झालंय. मला त्यातलं चपला आणि मांजर एवढंच कळलं. मी नानांची विद्यार्थिनी. माझ्याकडे दूध 'एक्झॉस्ट' व्हायचं, मांजर 'अराइव्ह' व्हायचं. दूध धावत बाहेर जातं आणि मांजर वर वळतं, हे ऐकून मी त्या खोलीत खरोखर इकडे तिकडे बघितलं. मिसना कळलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, कोरा चहा दिला आणि सांगितलं की मोठे शब्द स्टेशनमास्तरला अर्ज लिहायला ठेवायचे. घरात माणूस गेट आणि पुट, गो आणि कम, टेक आणि गिव्ह एवढ्यावर सगळा जन्म काढतं. मागे लहानसा शब्द लावला की झालं. गिव्ह अप म्हणजे आपण होऊन सोडून देणं, गिव्ह इन म्हणजे दुसऱ्यापुढे नमणं. "तुझे शब्द रविवारचे कपडे घालून बसलेत," त्या म्हणाल्या, "त्यांना जरा घरचे कपडे दे."

मी परत येऊन नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "गेट अप, गेट ऑन, गेट बाय. एकाच क्रियापदाला शेपट्या लावून किती दिवस भागवायचं? गावंढळ बोलणं आहे हे. उच्चार तेवढे शिकून घे आणि बाकीचं तिथेच ठेवून ये."

मी मान हलवली आणि आत गेले. आत आई तव्यावरची भाकरी उलटत बोलत होती. कुणाशी म्हणून नाही, आपली बोलत होती. "ती ताजी खाय ले, सकायनी उरेल शे ती मी खाय टाकसू. आनि सायवर मांजर नजर ठी बठनी शे, तिले हाकली दे." मी जागच्या जागी थांबले. खाय ले, खाय टाकसू, ठी बठनी, हाकली दे. प्रत्येक क्रियापदाच्या मागे एक लहानसा शब्द होता आणि त्या लहानशा शब्दाने सगळं सांगितलं होतं, स्वतःसाठी खाल्लं की उरकायला खाल्लं, नुसती नजर ठेवली की ठाण मांडून ठेवली. मिस बोलत होत्या ते हेच होतं. आता मला माहीत आहे की आपल्या शुद्ध मराठीतही हेच आहे. आपण बोलतो, बोलून टाकतो, बोलून घेतो आणि नको ते बोलून बसतो. पण शुद्ध मराठी आमच्या घरात रविवारचे कपडे घालून यायची, त्यामुळे तिच्यात ते मला दिसलं नव्हतं. दिसलं ते आईच्या तोंडी.

"आई," मी म्हटलं, "मिस ऑड्री अगदी तुझ्यासारखं बोलतात."

"मना मायेक? मडम?" आईने भाकरीचं पीठ लागलेला हात कमरेवर ठेवला. "काय थट्टा करस व पोरी!"

"खरंच. मोठे शब्द नाहीतच त्यांच्याकडे. सगळं घरातलं."

आईला ते इतकं आवडलं की ती दिवसभर मध्येच हसत राहिली. रात्री जेवताना तिने नानांना शुद्ध मराठीत विनंती केली की त्या मडमेला एकदा आपल्याकडे जेवायला बोलवावं. मग ताटाकडे वळून मला म्हणाली, "भरीत खाऊ घालसू तिले." नाना त्या वेळी खाकरले नाहीत. कल्पना त्यांना पसंत पडली होती. ते म्हणाले, शनिवारी बोलावू, शाळा सकाळची असते, दुपारी मी हेडमास्तरांना चहाला घेऊन येईन. आपल्या घरी इंग्रजी बोलणारी पाहुणी बसली आहे हे हेडमास्तरांनी बघावं, एवढीच त्यांची हौस. त्यात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही.

थंडीचे दिवस होते. बाजारात हिरव्या पांढऱ्या रेघांची मोठाली वांगी आलेली होती. मी मिसना स्टेशनवरून घेऊन आले तेव्हा आईने परसात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ केला होता आणि वांगी त्यात घातली होती. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही. तुमच्याकडे मी मागच्या खेपेला ओव्हनमध्ये करून बघितलं, तुम्ही बोटं चाटलीत, पण मी उठून दुसरं काही तरी करायला गेले होते, आठवतं?

आई पुढे आली. डोक्यावरचा पदर सावरत तिने मिसचे दोन्ही हात धरले. "ये व बाई, ये. पाटवर बठ. खाले नको, फराक मळी जाई."

मिसनी पाटाकडे बघितलं, आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. "डोन्ट फस, माय डियर. आय'ल गेट डाउन समहाउ."

"काय म्हने?"

"म्हणतात, कसंतरी बसून घेईन."

"बठी घे, बठी घे!" आई म्हणाली आणि स्वतः खाली बसून पाट पुढे सरकवला. मिस बसल्या, बसताना एका बाजूला कलल्या, आईने दंड धरला आणि दोघी हसायला लागल्या. त्यानंतर मी भाषांतर करायचा प्रयत्न थोडा वेळ केला आणि सोडून दिला. गरज नव्हती. आई अहिराणीत सांगायची, मिस इंग्रजीत उत्तर द्यायच्या, अडलं तर रेल्वेचं हिंदी होतंच. "मिर्ची जास्ती मत डालो, मेरा पेट ब्लो अप होगा." आई म्हणे, "नही व्हत, लसून शे त्यामा." वांगी सोलून झाली. लाकडी बडजीत घालून ती कुटायची असतात. मिसनी मुसळी मागून घेतली आणि ॲप्रन नसल्याने आईचाच एक जुना पंचा कमरेला बांधून भरीत कुटायला बसल्या. आईने वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि मिरच्यांची फोडणी घातली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी झाल्या. आम्ही तिघी परसातच, उन्हात, एका रांगेत जेवायला बसलो.

जेवताना आई बोलत होती. मी तिला तसं बोलताना माहेरच्या अंगणाबाहेर कधी ऐकलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या, म्हणून वर्षभर ती नळावर फक्त मान हलवायची, बायकांना वाटलं हिला ऐकू येत नाही, हे तिने मिसना मुकी नक्कल करून दाखवलं. मिस डोळे पुसून हसल्या. मग आई म्हणाली, "आते बी घरमा माले कोनी बोलू देत नही, बाई. चूलपुढे बोली लेस तितलंच."

हे तिने हसतच म्हटलं. मिसना शब्द कळले नसणार. पण त्यांनी डावा हात आईच्या गुडघ्यावर ठेवला. "आय नो, डार्लिंग. यू जस्ट कॅरी ऑन."

"कॅरी ऑन म्हंजे काय व?"

"चालू ठेवायचं," मी म्हटलं.

"चालूच शे ना," आई म्हणाली आणि मिसच्या पानात नको नको म्हणताना अर्धी भाकरी टाकली.

निघण्याची वेळ झाली तसं आईने ओटीचं ताट आणलं. घरी आलेल्या बाईची ओटी भरल्याशिवाय तिला पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण ओटी भरतात सवाष्णीची, पदरात. मिस ना लग्न झालेल्या, ना त्यांना पदर. मी हळूच म्हटलं, "आई, त्यांना चालतं का?" आई म्हणाली, "लेक माहेरथून चालनी, का तिले रिकामी धाडतस? ही बी कोनी तरी लेकच शे." तिने मिसना पाटावर उभं केलं, फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी कसा धरायचा ते दाखवलं आणि ओंजळीने गहू घालायला सुरुवात केली. नारळ ठेवला, खण ठेवला. ओटीचं एक गाणं असतं, ते ती मोठ्या आवाजात म्हणायला लागली. मिस घोट्यांवरचे मोजे दिसतात याची पर्वा न करता फ्रॉक धरून उभ्या होत्या आणि गाण्याच्या तालावर मान हलवत होत्या.

तेवढ्यात नाना हेडमास्तरांना घेऊन मागच्या दारात आले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं, गाण्याचा आवाज परसातून येत होता, म्हणून ते सरळ आत आले होते. हेडमास्तरांनी बघितलं आणि ते हसले. वाईट हसले नाहीत. गमतीचं काही दिसलं की माणूस हसतं तसं हसले. पण नानांनी ते हसणं ऐकलं आणि त्यांचा चेहरा मला न ओळखू येण्यासारखा झाला. वर्गात उभ्या राहिलेल्या त्या मुलाचा तो चेहरा असावा, असं मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. ते दोन पावलं पुढे आले, हात जोडले आणि स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, काइंडली एक्स्क्यूज माय वाइफ. शी हॅज नो लँग्वेज."

माझ्या बायकोला भाषा नाही.

मिसनी त्यांच्याकडे बघितलं. "बट वी'व्ह बीन गेटिंग ऑन सो वेल," त्या म्हणाल्या. नाना "येस, येस" म्हणाले. हेडमास्तर नानांना म्हणाले, "वा, काय शब्द टाकता हो तुम्ही!" आईचं गाणं थांबलं होतं. तिच्या ओंजळीत शेवटचे गहू होते. ओटी अर्धवट ठेवत नाहीत. तिने ते मिसच्या फ्रॉकमध्ये नीट घातले, कुंकवाचं बोट लावलं आणि मला हळू विचारलं, "काय बोलनात व तुना नाना?"

"काही नाही. गाडीला उशीर होईल म्हणाले," मी म्हटलं.

"बरं." मग ती हेडमास्तरांकडे वळली आणि पदर पुढे ओढून म्हणाली, "बसा आपण. मी चहा ठेवते." एकही अक्षर चुकलं नाही. नानांनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली.

मिसना गाडीत बसवून मी परत आले तेव्हा आई परसात बडजी घासत बसली होती. राखेने माखलेले हात, आणि खाली घातलेली मान. मी शेजारी बसून पाणी घालू लागले. ती म्हणाली, "नो म्हंजे नही. इतलं ते माले बी समजस, कुसुम." लँग्वेज हा शब्द तर ती पुढच्या खोलीतून रोज ऐकतच होती. तिने बडजी उलटी करून उन्हाला ठेवली आणि आत गेली.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, रुसणं झालं नाही. आईने नानांचा चहा, नानांचं पाणी, नानांचं सगळं पूर्वीसारखंच केलं. फक्त ती हळूहळू नियमाप्रमाणे बोलायला लागली. आधी पुढच्या खोलीत, मग मधल्या, मग चुलीपुढेही. "कुसुम, ताट मांड. वरण झालेलं आहे." नियमाप्रमाणे बोलायचं म्हणजे तिला आधी विचार करावा लागे, म्हणून ती कमी बोलू लागली, आणि कमी बोलता बोलता आवाजही बारीक झाला. पुढच्या आखाजीला आम्ही आईच्या माहेरी गेलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. माझ्या मावश्या तिला झोक्याजवळ ओढून नेऊ लागल्या, तेव्हा ती म्हणाली की घसा बसलाय. घसा बसलेला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी तिला फार आग्रह केला नाही.

नानांचं खाकरणं बंद झालं. खाकरण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा ते मला कौतुकाने म्हणाले, "बघ, मनावर घेतलं तर काय होत नाही? तुझी आई किती सुधारली." त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि घरात काय गेलं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आईने नाही, मीही नाही. मिस ऑड्री दर रविवारी विचारायच्या, "हाउ इज शी गेटिंग अलाँग?" मी म्हणे, "फाइन." त्यांनी दोन-तीनदा परत यायची इच्छा सांगितली, आईने त्यांना ठेचा पाठवला, बोलावणं पाठवलं नाही. पुढे मिस आपल्या भावाकडे कायमच्या निघून गेल्या, तुम्ही राहता त्याच देशात. त्यांनी तो खण सोबत नेला असं मला निघताना सांगितलं होतं. मी तुमच्याकडे येते तेव्हा बागेत बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बायांकडे उगीच निरखून बघते. हिशेब केला तर त्या आता असणं शक्य नाही.

मी प्राध्यापक झाले नाही, जळगावला शाळेत लागले. नील, तुझा तो नवा मित्र माझ्या वर्गात असता तर मी त्याला हेच सांगितलं असतं. पुट अप विथ सुटं करून बघू नकोस. आपण 'चालवून घेणं' म्हणतो. त्यात कोण चालतं? कोण काय घेतं? हे शब्द कुठल्या पंडिताने बनवलेले नाहीत. ते स्वयंपाकघरात, अंगणात, घाईत, भांडणात माणसांच्या तोंडी राहून राहून एकमेकांना चिकटले आहेत. ते अर्थ लावून येत नाहीत, जिथे बोलले जातात तिथे बसून येतात. म्हणून ज्याला एखादी भाषा खरोखर हवी आहे त्याने तिच्या परसात जाऊन जेवावं. मी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायचे आणि मुलांना विचारायचे, "तुझी आई घरी हे कसं म्हणेल?" मुलं आधी लाजायची, मग हसायची, मग अहिराणीत सांगायची. मी कधी खाकरले नाही. लोक म्हणायचे, बाईंच्या वर्गातल्या पोरांना इंग्रजी चटकन येतं. माझ्या आईने चालवून घेतलं, म्हणून मला पुट अप विथ शिकवता आलं, असं काही मी कुणाला सांगितलं नाही.

नाना म्हातारपणी आजारी पडले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. महिनाभर शब्द नव्हता. मी रजा काढून धुळ्याला गेले होते. एका सकाळी ते डोळे उघडून आईकडे बघत म्हणाले, "पानी दे व." मी आणि आई दोघी चमकलो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नंतर शिकलेलं आधी जातं, लहानपणीचं राहतं. नानांचं सगळं इंग्रजी गेलं होतं, शुद्ध मराठीही गेली होती. राहिली होती ती त्यांच्या आईची बोली, ज्या बोलीत ते वर्गात हजर झाले होते तीच. ते दिवसभर बोलायचे. "कोठे गई व? बठ ना अठे. भूक लागनी माले." आई प्रत्येक वेळी उठून जायची, पाणी द्यायची, उशी नीट करायची आणि म्हणायची, "हे घ्या. सावकाश प्या. आता झोपा थोडं."

मला ते बघवेना. मी तिला परसात नेऊन म्हटलं, "आई, त्यांना बरं वाटेल. तू बोल ना त्यांच्याशी, पहिल्यासारखं."

ती जिथे एके काळी पऱ्हाट्या पेटवायची त्या जागेकडे बघत उभी राहिली. "मला आता ते येत नाही गं," ती म्हणाली. खरंच येत नव्हतं, की ती बोलणार नव्हती, हे मी तिला विचारलं नाही. तिचा चेहरा रागाचा नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत नसलेल्या माणसाचा होता.

शेवटच्या दिवसांत नानांना कशाचीच भूक राहिली नव्हती. ते फक्त आईचा हात धरून पडायचे. एका संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी तिचा हात हलवला. "बोल ना व," ते म्हणाले. "बोल ना मनासंगे जराखं."

आईने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आणि त्यांनीच घालून दिलेल्या त्या स्वच्छ, बारीक मराठीत म्हणाली, "बोलतेच आहे ना."

नील, मीरा, हे सगळं मी आईच्या बोलीत लिहायला बसले होते. तेवढं तरी तिचं तिला परत द्यावं असं मनात होतं. पहिलं वाक्य आलं आणि पुढे दोन दिवस बसूनही दुसरं आलं नाही, म्हणून मग नानांच्या मराठीत लिहिलं. आलेलं वाक्य खाली ठेवते. फोनवर मला म्हणून दाखवा, मोठ्याने म्हणा.

मनी माय मोठ्या आवाजनी बोले.